शिकारी आपल्याच माळावरचे

बॉटनीच्या लॅबमध्ये कधी डोकावला असाल, तर ते कपाट तुम्ही पाहिलेलं आहे. काचेची दोन दारं, त्यातलं एक सरकत नाही. आत पिवळ्या पाण्यात बुडालेल्या बरण्या, टाइपरायटरवर बडवलेली लेबलं आणि मधल्या फळीवर सगळ्यांचं लाडकं सेक्शन, किडे खाणारी झाडं. अकरावीच्या पोरांना डिपार्टमेंट दाखवायला आणलं की सर हमखास इथेच थांबतात. शेवाळ आणि नेचे बघताना जांभया देणारा बॅचमधला शेवटचा बाकही 'हे झाड माशी खातं' म्हटल्यावर पुढे सरकतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात यंदा थर्ड इयरच्या नऊ जणांनी ही फळी नव्याने लावायला घेतली. कॉलेजचं नाव इथे येणार नाही. तशी अट विभागप्रमुख मॅडमनी घातली होती आणि त्यांचं कारण मला पटलं; ते पुढे येईलच. जूनमध्ये काम सुरू झालं तेव्हा प्लॅन साधा होता. जुनं काढायचं, फळ्यांना रंग मारायचा, एलईडीची पट्टी लावायची, नवे रंगीत प्रिंटआउट चिकटवायचे आणि प्राचार्यांच्या हस्ते फीत कापायची. ग्रुपवर एकाने 'दोन रविवारांचं काम आहे रे' असं टाकलं होतं. काम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चाललं.

पहिल्या दिवशी कपाट रिकामं केलं. फळीवर एकूण सात वस्तू निघाल्या. प्लास्टर ऑफ पॅरिसचं व्हीनस फ्लायट्रॅपचं मॉडेल, अर्धे दात तुटलेलं. त्याच झाडाचा एक तक्ता. सॅरासेनियाचा दुसरा तक्ता. घटपर्णीच्या दोन बरण्या, ज्यांतल्या सुरया चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. मागच्या कोपऱ्यात एक बाटली, तळाशी गाळ, लेबलवर 'युट्रिक्युलारिया' एवढंच वाचता येत होतं. आणि सगळ्यात मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ड्रोसेराची एक हर्बेरियम शीट.

यादी करायचं काम ज्या मुलीकडे होतं, तिने वहीत एक रकाना जास्तीचा आखला. 'मूळ गाव.' हा रकाना मॅडमनी सांगितला नव्हता, तिच्याच डोक्यातून आला. व्हीनस फ्लायट्रॅप जगात निसर्गतः एकाच ठिकाणी उगवतं, अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या पाणथळ पट्ट्यात. सॅरासेनिया उत्तर अमेरिकेचं. घटपर्णी भारतातली खरी, पण ती मेघालयच्या डोंगरांतली, नेपेंथिस खासियाना. गारो लोक तिला 'मेमांग कोक्सी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. सातपैकी तीन अमेरिकन, दोन मेघालयच्या. उरली ती गाळाची बाटली आणि पेपरात गुंडाळलेली शीट. त्या दोन्ही आपल्याकडच्या होत्या आणि त्यांचीच अवस्था सगळ्यात वाईट होती.

"मॅडम, आपल्याकडे खरंच असतात का ही झाडं?" एकाने विचारलं. मॅडमनी त्यालाच उलट विचारलं, "कासला गेलायस ना?"

गेला होता. नऊच्या नऊ जण गेले होते. फोनमध्ये फोटोही होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पठारावर पसरलेला निळा-जांभळा गालिचा, त्यापुढे गॉगल लावलेले हे. तो गालिचा कशाचा असतो, हे मात्र कुणाला सांगता आलं नाही. बऱ्याच अंशी तो युट्रिक्युलारियाचा असतो. मराठीत सीतेची आसवं. वनवासातल्या सीतेचे अश्रू जमिनीवर पडले आणि त्यांची फुलं झाली, अशी गोष्ट सांगतात. नखाएवढं फूल, नाजूक देठ, आणि जमिनीखाली शेकडो सापळे. म्हणजे ज्याच्यासमोर बसून आपण सेल्फी काढतो, तो गालिचा आपल्या पायाखाली त्याच क्षणी शिकार करत असतो. मला तरी हे प्लास्टरच्या तुटक्या जबड्यापेक्षा कितीतरी थरारक वाटतं.

पण हा थरार कपाटात मांडायचा कसा, हा प्रश्न होता. व्हीनस फ्लायट्रॅप दिसायलाच जबड्यासारखं आहे, त्याला मार्केटिंगची गरज नाही. सीतेच्या आसवांचा सापळा साधारण मिलिमीटरभराचा. तोही ओल्या मातीत, डोळ्यांआड.

पिशवीत काय घडतं

युट्रिक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटी पिशवी. त्यावरून हे नाव. या झाडाला खरी मुळं नसतातच. मुळांसारखे दिसणारे बारीक धागे मातीत पसरतात आणि त्यांना या पिशव्या लटकलेल्या असतात. पिशवीला एक दार, ते फक्त आत उघडणारं. झाड पिशवीतलं पाणी सतत बाहेर टाकत राहतं. त्यामुळे पिशवीच्या भिंती आत खेचल्या जातात आणि आतला दाब बाहेरपेक्षा कमी होतो. दाराजवळ बारीक केस असतात. मातीच्या कणांमधल्या पाण्यात फिरणारा एखादा सूक्ष्म जीव त्या केसांना धडकला की दार उघडतं, भिंती झटक्यात फुगतात आणि पाण्याच्या लोंढ्यासकट तो जीव आत ओढला जातो. दार बंद. पाण्यात वाढणाऱ्या जातींवर हाय-स्पीड कॅमेऱ्याने मोजमापं झाली आहेत. हा सगळा प्रकार एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात उरकतो. वनस्पतींच्या जगातल्या सर्वात वेगवान हालचालींमध्ये त्याची गणना होते. पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो.

थर्ड इयरच्या मुलांनी यावर जो उपाय काढला, तो मला भारी आवडला. लॅबमधला साधा ड्रॉपर. रबरी फुगा दाबून हवा काढायची, तोंडावर बोट ठेवायचं, टोक पाण्यात बुडवायचं आणि बोट काढायचं. पाण्यात सोडलेले साबुदाण्याचे भिजलेले दाणे सर्रकन आत. (टोक कापून रुंद करावं लागलं, नाहीतर साबुदाणा अडकतो. तीन ड्रॉपर यात वाया गेले.) कपाटासमोर आता एक ट्रे आहे आणि त्यात चार ड्रॉपर बांधून ठेवलेत. ज्याला बघायचंय त्याने स्वतः करून बघायचं. शेजारी मायक्रोस्कोपखाली खऱ्या पिशवीची स्लाइड, आणि मागे शाडूच्या मातीची, फुटबॉलएवढी पिशवी, अर्धी कापून आतली रचना दाखवणारी.

ही शाडूची पिशवी गावातल्या एका मूर्तिकार काकांनी करून दिली. मुलं त्यांच्याकडे जुलैमध्ये गेली. काकांनी हातातला गणपती खाली न ठेवता सांगितलं, "विसर्जनानंतर या." अनंत चतुर्दशी झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला. दाराची झडप कशी बसते हे त्यांनी स्लाइड बघून समजून घेतलं. पोरांनी काढलेल्या चित्रात ती उलटी होती, बाहेर उघडणारी. काका म्हणाले, "असं असेल तर आत काही राहायचंच नाही की."

या झडपेवरून डार्विनसुद्धा अडखळला होता, हे मॅडमनी मग सांगितलं. डार्विनने 1860 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या माळरानावर ड्रोसेराची पानं मेलेल्या किड्यांनी भरलेली पाहिली आणि तो त्या झाडाच्या नादी लागला. पानांना कच्चं मांस, अंड्याचा पांढरा भाग, काचेचे तुकडे, काय वाट्टेल ते देऊन बघितलं. 'इन्सेक्टिव्होरस प्लांट्स' हे पुस्तक 1875 मध्ये आलं. त्यात युट्रिक्युलारियावरही लिहिलंय. त्याचा अंदाज असा की हे जीव स्वतःच डोक्याने दार ढकलून आत घुसतात. त्याच सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये मेरी ट्रीट नावाची एक बाई मायक्रोस्कोपला डोळा लावून तासन्‌तास बसत होती. तिच्याकडे विद्यापीठातलं पद नव्हतं. लेख लिहून ती पोट भरायची. तिने सांगितलं की जीव आत घुसत नाहीत, ते आत ओढले जातात. तिचं निरीक्षण बरोबर होतं. डार्विनचा आणि तिचा पत्रव्यवहार होता आणि त्याने पुस्तकात तिच्या कामाची नोंदही घेतली आहे. फळीवर डार्विनचा फोटो लावायचा असं आधी ठरलं होतं. आता मेरी ट्रीटचं नाव आहे. डार्विनचे फोटो डिपार्टमेंटमध्ये तसेही आधीच तीन होते.

'मांसाहारी' म्हणायचं का?

सगळ्यात जास्त भांडणं लेबलांवरून झाली. जुनं लेबल होतं इंग्रजीत, आणि त्याचा मराठी अर्थ 'कीटकभक्षी वनस्पती: या वनस्पती अन्नासाठी कीटक खातात.' हे एक वाक्य आणि त्यात दोन गोच्या.

पहिली म्हणजे 'अन्नासाठी'. ही झाडं हिरवी आहेत. उन्हात प्रकाशसंश्लेषण करून साखर तीही बनवतात, आंब्यासारखी आणि गवतासारखी. किड्यातून त्यांना हवा असतो तो नायट्रोजन आणि फॉस्फरस. कारण ती राहतात तिथली जमीनच भुकेकंगाल असते. कासचं पठार घ्या किंवा कोकणातले सडे. जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती, कुठे तीही नाही. त्यावर चार महिने धो धो पाऊस, जो होती नव्हती ती खनिजं धुऊन नेतो. पावसाळ्यात तुडुंब पाणी आणि मेमध्ये तवा. अशा ठिकाणी मोठं झाड तग धरत नाही, त्यामुळे ऊन भरपूर, पाणी भरपूर, फक्त खत नाही. तेवढं खत या झाडांनी बाहेरून आणायची सोय केली. एका मुलाने ते असं मांडलं, "जेवण घरचंच आहे मॅडम, ते फक्त टॉनिक बाहेरून घेतात." हे वाक्य जसंच्या तसं लेबलवर गेलंय.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी मला या सगळ्या प्रकरणात कळीची वाटते. या झाडांना चांगली जमीन मिळाली तर त्यांचं भलं होत नाही. माळावर खत पडलं, शेतातलं खतयुक्त पाणी उतरलं, मातीची भर पडली, की तिथे गवत आणि तण जोमाने वाढतं आणि या बुटक्या झाडांना सावलीत टाकून संपवतं. आपण ज्याला 'पडीक' म्हणतो, त्या पडीकपणावरच त्यांचा संसार उभा आहे.

दुसरी गोची 'कीटकभक्षी'. सीतेची आसवं जे पकडतात त्यात एकपेशीय जीव असतात, रोटिफर असतात, कोळंबीच्या कुळातले सूक्ष्म चुलतभाऊ असतात. कीटक त्यातले थोडेच. म्हणजे शब्द चुकीचा. मग 'मांसाहारी'? यावर कँटीनमध्ये तासभर चर्चा झाली म्हणे. एकाने 'श्रावणात काय करतात मग?' हा अपेक्षित विनोद करून घेतला. 'प्राणिभक्षी' हा शब्द पुस्तकी वाटतो, पण अचूक आहे. शेवटी फळीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं 'शिकारी वनस्पती', आणि खाली बारीक टायपात 'कीटकभक्षी' का म्हटलं नाही ते. परीक्षेत मात्र 'कीटकभक्षी' हाच शब्द लिहा, अशी तळटीप एका प्रॅक्टिकल डोक्याच्या मुलीने जोडली. ती मॅडमनी राहू दिली.

नावं आधी मराठी, मग शास्त्रीय. ड्रोसेरा इंडिका, गवती दवबिंदू. बारीक, उभं, गवतात गवतासारखंच लपणारं, गुलाबी फुलाचं. ड्रोसेरा बर्मानी, दवबिंदू. रुपयाच्या नाण्याएवढा जमिनीला चिकटलेला लालसर गोल. दोघांच्याही पानांवर केसांसारखी स्पर्शकं आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. उन्हात तो दवासारखा चमकतो. किडा बसतो, चिकटतो, धडपडतो, तसतशी आजूबाजूची स्पर्शकं त्याच्यावर वाकतात. मग पाचक रस. दवबिंदूच्या कडेची स्पर्शकं तर काही सेकंदांतच वाकतात. दवबिंदूचं मॉडेल तारेचं आहे आणि थेंब ग्लू गनचे. ट्यूबलाइटखाली ते इतके खरे दिसतात की फळीवर पहिल्याच आठवड्यात एक खरा डास त्याच्यावर बसलेला सापडला, असं लॅबचे मामा शपथेवर सांगतात.

युट्रिक्युलारियाच्या तर जगभरात दोनशेहून जास्त जाती. भारतात तीसहून अधिक आणि त्यातल्या पुष्कळ पश्चिम घाटात. एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांचं 'ब्लॅडरवर्ट्स ऑफ इंडिया' हे 1992 चं पुस्तक या कुळासाठी आजही उघडावं लागतं. 2000 साली महाराष्ट्रातून एक नवी जात जगासमोर आली. वर्णन करणारे एस. आर. यादव, सरदेसाई आणि गायकवाड. नाव ठेवलं युट्रिक्युलारिया जनार्थनमी. 2000 म्हणजे अगदी आत्ताचं. आपल्या सड्यांवर अजून काय काय आहे, हे शोधून संपलेलं नाही.

बरण्यांचं काय झालं

थोडक्यात सांगतो, कारण हे काम करताना सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. जुन्या बरण्यांत फॉर्मॅलिन होतं. त्यातल्या फॉर्माल्डिहाइडला कर्करोगकारक मानलं गेलंय, त्यामुळे हात न धुता डबा खाण्याचे दिवस संपले. गळणाऱ्या बरण्या केमिस्ट्रीच्या लोकांच्या देखरेखीखाली बाहेर काढल्या, बेसिनमध्ये काहीही ओतलं नाही. फॉर्मॅलिनऐवजी स्पिरिट वापरायचं म्हटलं तर रेक्टिफाइड स्पिरिटला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि ती फाइल कुठवर पोचली हे विचारू नका. घटपर्णीची एक बरणी ठेवली, एक निकालात काढली. व्हीनसचं तुटकं मॉडेल मात्र मामांनी टाकू दिलं नाही. "तीस वर्षं पोरांना तेच दाखवलंय," म्हणाले. ते आता वरच्या फळीवर आहे, 'पाहुणे' अशा पाटीखाली.

जिवंत झाड हवंच का?

ऑगस्टमध्ये एकाने सुचवलं की मॉडेल-बिडेल ठीक आहे, पण कपाटाशेजारी काचेच्या टाकीत जिवंत दवबिंदू ठेवू. लोक जिवंत बघायला येतील, रील होतील. पठारावरून दहा-बारा रोपं आणली तर काय फरक पडतो? प्रश्न बरोबर वाटतो. मलाही वाटला होता.

मॅडमचं उत्तर गणिती होतं. आपल्याकडची ही झाडं बहुतेक एका पावसाळ्याची पाहुणी. जूनच्या पावसात उगवायचं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलायचं, पाऊस सरता सरता बी टाकून मरायचं. फुलावर असताना उपटलेलं झाड म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणं उपटलेलं. आणि माळावरून काढून नळाच्या क्लोरिनच्या पाण्यावर, पंख्याखाली ठेवलेलं दवबिंदू पंधरा दिवस काढणार नाही. मग परत दहा-बारा. शिवाय कासची गोष्ट वेगळी. ते 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथून फूलसुद्धा तोडता येत नाही. पण ज्या माळाला कुठल्याच यादीत जागा नाही, तिथून उपटायला कुणी अडवत नाही, एवढाच काय तो फरक.

जिवंत झाड आलं नाही. मायक्रोस्कोपच्या स्लाइडसाठी चिमूटभर माती घेतली, तीही गुरांच्या खुरांनी आधीच तुडवलेल्या पायवाटेवरची.

ती शीट

आता त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या शीटकडे येतो. पहिल्या दिवशी ती रद्दीच्या ढिगात गेली होती. तपकिरी झालेलं, धाग्याएवढं, सुरळी झालेलं काहीतरी. शीट मामांनी बाजूला काढली, पण त्यांचं कारण वेगळं होतं. जुन्या शीटना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावायचे, त्या हाताळताना हातमोजे घाला, हे बजावायचं होतं. मोजे घातल्यावर एका मुलीने लेबल वाचलं.

शाईने, वळणदार इंग्रजीत लिहिलेलं. साल पन्नासेक वर्षांपूर्वीचं, महिना ऑगस्ट. ड्रोसेरा इंडिका. ठिकाण: गावाच्या उत्तरेला, ओढ्याच्या वरचा कातळाचा माळ, पाणी साचणारी जागा. आणि शेवटी एक शब्द. विपुल.

गाव म्हणजे कॉलेजचंच गाव. ओढा म्हणजे हॉस्टेलच्या मागचाच ओढा. दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून सहा जण तिकडे गेले. ओढ्याच्या वर आता मुरूम टाकून सपाट केलेले प्लॉट आहेत, सिमेंटचे खांब, एक कमान, कमानीवर 'ग्रीन' या शब्दाने सुरू होणारं नाव. त्यांनी दोन तास शोधलं. खांबांच्या पलीकडे जो थोडा कातळ शिल्लक होता, तिथे तेरडा मिळाला, गेंद मिळाला, ड्रोसेरा नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा गेले. नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, एक बारीकसं झाड, गेलं तर गेलं, कासला आहेच की. पण गेलं हे तरी कुणाला कळलं असतं? प्लॉट पाडले तेव्हा कुणी तक्रार केली नाही, कारण तिथे काही होतं हे कुणाला माहीतच नव्हतं. सातबाऱ्यावर ती जमीन 'पोटखराबा' असणार. तिथे शिकारी झाडं विपुल होती, याचा माझ्या समजुतीने एकच पुरावा उरला होता आणि तो रद्दीत जाता जाता वाचला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्यातलं बोटॅनिकल सर्व्हेचं हर्बेरियम यांच्याविषयी आपण आदराने बोलतो, आणि बोलावंच. पण छोट्या कॉलेजांच्या कपाटांत अशा किती शीट वर्तमानपत्रात गुंडाळून पडल्यात? पन्नास वर्षांपूर्वीच्या कुणा विद्यार्थ्याने सबमिशनसाठी गोळा केलेल्या, गावाच्या, ओढ्याच्या, माळाच्या नावासकट? नूतनीकरण म्हटलं की पहिला हात त्यांच्यावरच पडतो, कारण त्या दिसायला वाईट असतात.

त्या दिवसानंतर कामाचा नूरच बदलला. 'काय टाकायचं' ही यादी बाजूला पडली. शनिवार-रविवार मुलं गावाभोवतीचे माळ पालथे घालू लागली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना एक जागा सापडली. गवती दवबिंदू, दोन टेबल टेनिसच्या टेबलांएवढ्या जागेत. एकाने आनंदाच्या भरात स्टोरी टाकली, लोकेशनसकट. चाळीस मिनिटांत मॅडमचा फोन आला आणि ती काढली गेली. तोवर 'कुठे आहे हे? संडेला जाऊ' असे आठ मेसेज आले होते. दोन टेबलांएवढ्या जागेत आठ जणांचे बूट. कॉलेजचं नाव मी का देत नाहीये, ते आता लक्षात आलं असेल.

तो माळ कुणाच्या तरी मालकीचा आहे. मालक आजोबा आहेत, तिथे त्यांच्या म्हशी चरतात. मुलांनी त्यांना झाड दाखवलं, भिंगातून. आजोबा बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "याचा भाव काय?" भाव काही नाही, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "बरंय मग. भाव असता तर राहिलं नसतं." प्लॉटवाले त्यांच्याकडेही येऊन गेलेत. आजोबांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मुलांनी वन विभागाला आणि ग्रामपंचायतीला जैवविविधता नोंदवहीसाठी अर्ज दिलाय. पोच मिळाली आहे, उत्तर यायचंय.

कपाट आता तयार आहे. मूळ शीट प्रकाशात ठेवली तर आणखी विरेल, म्हणून ती स्कॅन करून पुन्हा अंधारात, डांबराच्या गोळ्यांसोबत गेली. मधल्या फळीच्या बरोबर मध्ये स्कॅनची प्रिंट आहे, लेबलसकट, ज्याने गोळा केली त्याच्या सहीसकट. तिच्याखाली नवं कार्ड लावलंय. 'याच जागी तपासणी: यंदा ऑगस्ट, आढळली नाही. सप्टेंबर, आढळली नाही.' त्यापुढे पेन्सिलने आखलेल्या दहा रिकाम्या ओळी आहेत. पुढची ओळ पुढच्या ऑगस्टमध्ये आत्ताच्या सेकंड इयरच्या बॅचने भरायची आहे. मामांनी कार्डाशेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवली आहे.